सांगून आणलेल्या वस्तू

जुन्या वस्तूंचा नाद लागला की दोन गोष्टी साठत जातात. एक धूळ, आणि दुसरे किस्से. धूळ फडक्यानं पुसता येते, किश्श्यांचं काय करायचं? आमच्या चौघांच्या मंडळाकडे ते इतके साठलेत की लग्नकार्यात भेटलेली माणसं 'जेवलात का' असंही विचारत नाहीत, थेट "मग, नवीन काय?" म्हणून खुर्ची ओढून बसतात. आणि नवीन म्हणजे त्यांना अंगावर काटा आणणारंच हवं असतं! मी स्वतः विज्ञानाची पदवीधर, लोणखेड्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भूतखेत मानत नाही. जे घडलं ते सांगते, एवढंच.

आधी मंडळाची ओळख. कळसाडीचे जगदीशभाई, केळी आणि ऊस लावणारे, तोंडाचे फटकळ. त्यांच्या बायको हंसाभाभी. नंदुरबारचे वसंत सर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आणि चौथी मी, शोभा. जगदीशभाईंच्या वडिलांचं कापसाचं गोदाम बरीच वर्षं रिकामं पडलं होतं. आजूबाजूच्या गावांत जुनी घरं पाडून स्लॅबची घरं उठत होती आणि कोरीव सागवानी दारं, खांब, रंगीत काचांच्या खिडक्या चुलीत चालल्या होत्या. ते बघून सर हळहळायचे, "अहो, हे डिझाइन आता पुन्हा होणे नाही!" मग आम्ही एकेक वस्तू गोळा करायला लागलो. गोदामातच एक ओटा, एक माजघर, एक स्वयंपाकघर उभं केलं. प्रत्येक खोली वेगळ्या गावची. बाहेर सरांनी स्वतः रंगवलेली पाटी लावली, 'जुनं घर'.

आणि आमच्यात हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्या सरांच्याच घराची वेळ भरली होती. नंदुरबारचं त्यांचं राहतं घर भावांनी मिळून बिल्डरला दिलं होतं. पावसाळ्याआधी पाडायचं ठरलं होतं. सर तिथे एकटे राहायचे, कारण त्यांच्या बायको सुधाताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. नाशिकची मुलगी रोज फोन करून "बाबा, इकडे या" म्हणायची. सर "बघू" म्हणायचे आणि हलायचे नाहीत. लोकांची घरं उचलून आणणारा माणूस स्वतःच्या घरातली खुर्चीसुद्धा हलवू देत नव्हता. याची काळजी आम्हाला भुतांपेक्षा जास्त होती.

*

पहिला किस्सा झोपाळ्याचा. तापीकाठच्या एका गावातून आम्ही तो आणला, पितळी कड्यांचा, पाठीला मोर कोरलेला. भाभींचा एक नियम आहे. कुठलीही वस्तू घरातून उचलण्याआधी तिला हळदकुंकू लावायचं आणि कुठे नेतोय ते तिला मोठ्यानं सांगायचं. त्यांच्या माहेरी तसंच करतात म्हणे. त्या दिवशी भाभी सोबत नव्हत्या आणि जगदीशभाईंना केळीची गाडी भरायची घाई होती. त्यांनी झोपाळा काढला, ट्रॉलीत टाकला आणि आणला.

गोदामात टांगला. सुरेख दिसला. फक्त एक गोष्ट विचित्र होती. आम्ही आळीपाळीनं बसून झोके घेतले, पण कड्यांचा आवाज म्हणून नाही! एवढ्या जुन्या कड्या, तेलाचा थेंब नाही, आणि झोपाळा मुक्यानं हलतोय. सर तर खूशच झाले, म्हणाले, "काय फिटिंग आहे बघा जुन्या लोकांचं!"

आठवड्यानं त्या गावाहून फोन आला. ज्यांच्याकडून झोपाळा आणला त्या घरच्या सूनबाई बोलत होत्या. आवाज रडवेला होता.

"भाऊ, तुम्ही झोपाळा लई गयात, पन त्याना आवाज अठेच राही गया! रोज दुपारले रिकाम्या खोलीमा किरर किरर करस. सासू जेवत नही आमनी. तो बी लई जा ना!"

जगदीशभाई फोन हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. भाभी मात्र उठल्या, हळदकुंकवाची वाटी घेतली आणि मोटारसायकलवर मागे बसून नवऱ्याला म्हणाल्या, "चाला आते." त्या गावी जाऊन, रिकाम्या खोलीत उभ्या राहून, वर आढ्याकडे बघून त्यांनी सांगितलं, "कळसाडीले आमना गोदामवर जावानं शे. चाल बरं."

संध्याकाळी आम्ही झोपाळ्यावर बसलो. असा करकरला की गोदामातली कबुतरं उडाली.

*

तेव्हापासून जगदीशभाईसुद्धा न सांगता काही आणत नाहीत. उगाच थट्टा करतात, पण सांगतात. ट्रॉलीत चढवताना खांबाला म्हणतील, "चाल भो, एसी नही शे तठे, पहिलेच सांगी ठेवस."

दाराचा किस्सा त्यांचाच आहे, म्हणून त्यातलं निम्मं सोडून द्या. गोदामाच्या मधोमध आम्ही एक दार चौकटीसकट उभं केलंय. नुसतंच दार. आजूबाजूला भिंत नाही. बघायला येणारी पोरंपोरी त्याला टेकून सेल्फी काढतात, 'व्हिंटेज लुक' म्हणतात आणि बाजूनं निघून जातात. गोदामातली मांजर मात्र बाजूनं जात नाही. दारासमोर येऊन बसते, पंजानं खरवडते आणि कुणी उघडेपर्यंत ओरडते. सगळीकडून मोकळी जागा असताना!

सर एकदा वैतागून म्हणाले, "वेडी आहे का ही?"

"वेडी नही शे," जगदीशभाई म्हणाले. "तिले समजस की हाऊ दरवाजा शे. तुमले वाटस, फर्निचर शे."

इथवर मी स्वतः पाहिलंय. पुढचं त्यांनी सांगितलेलं. एका दुपारी ते एकटेच होते. मांजर ओरडायला लागली म्हणून उठून त्यांनी दार उघडलं. मांजर शेपटी वर करून आत गेली. आणि पलीकडून बाहेर आलीच नाही! त्यांनी पलीकडे जाऊन पाहिलं, खांबामागे पाहिलं, झोपाळ्याखाली पाहिलं. नाही. मग दार तसंच उघडं टाकून ते घरी चहाला गेले. परत आले तेव्हा मांजर उंबरठ्यावर बसून मिश्या चाटत होती, आणि मिश्यांना साय लागलेली होती.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करसू? दरवाजा लाई लिधा. दुसरानं दूध सांडी यी ते भांडन कोन करी?"

*

ओट्याचा किस्सा मात्र माझ्या डोळ्यांसमोरचा. एक म्हातारे बाबा आले. स्वच्छ धोतर, टोपी, हातात काठी. नातवानं गेटवर सोडलं आणि तो पेट्रोल भरायला गेला. बाबांनी बाकी काही पाहिलं नाही. सरळ ओट्यापाशी आले, चप्पल काढली आणि वर जाऊन भिंतीला टेकून बसले. आमच्या नियमात ओट्यावर बसायला मनाई आहे. पण ते असे बसले होते की उठा म्हणायची माझी छाती झाली नाही. मग लक्षात आलं की हा ओटा त्यांच्याच घरचा. घर त्यांच्या मुलांनी पाडलं, आम्ही ओट्याचे खांब आणि फळ्या आणल्या.

बाबांना डुलकी लागली. जाग आली तसे आत तोंड करून ओरडले, "चहा कोठे शे?"

आत म्हणजे कुठे? आत दुसऱ्याच गावचं स्वयंपाकघर. भाभी लगबगीनं थर्मासमधला चहा कपात ओतून घेऊन आल्या. बाबांनी त्यांना निरखून पाहिलं, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी शे. नवी सून शे का तू?"

भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि "हा" म्हणाल्या. साठीच्या आहेत भाभी!

चहा संपवून बाबा उठले. ओट्याच्या डाव्या हाताला चालत गेले आणि एका जागी थांबले. तिथे काही नाही, गोदामाची नुसती फरशी आहे. काठीवर भार देऊन ते खाली वाकले आणि बराच वेळ फरशीत बघत राहिले, विहिरीत बघतात तसे. मग मान हलवली. "पानी खाल चाली गयं," म्हणाले. तेवढ्यात नातू आला आणि त्यांना घेऊन गेला.

आम्ही हसलो. थोडं रडलोही, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या बोअरचं बटण दाबलं तर मोटर नुसतीच घरघरत राहिली. पाणी खाली गेलं होतं.

*

एकदा आम्ही चौघं गुजरातेतल्या एका मोठ्या शहरात म्युझियम बघायला गेलो. म्हटलं, मोठी माणसं कशी मांडणी करतात ते तरी बघावं. काय थाट! काचेची कपाटं, मंद उजेड, प्रत्येक वस्तूखाली छापील कार्ड. सर एकेका नक्षीपुढे हात जोडल्यासारखे उभे राहत होते. जगदीशभाईंना एसी आवडला. भाभींचा चेहरा मात्र उतरत चालला होता. एका काचेत जुन्या घरांतली भांडी, पाळणा आणि देव्हारा असं मांडलं होतं. तिथे त्या थांबल्या आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "भाई, आ बधुं कहीने लाव्या छो?" म्हणजे हे सगळं सांगून आणलंय ना?

मला वाटलं, आता हा हसणार. माणूस पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, स्टुलावरून उठला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ना बेन. एटले तो रोज बपोरे पूछे छे."

नाही सांगितलं. म्हणून तर रोज दुपारी विचारतात!

जगदीशभाई एसी सोडून बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

परतीच्या वाटेवर नवापूर मागे पडल्यावर सरांनी विचारलं, "भाभी, माणसालाही सांगावं लागतं का?"

"मानुसले ते पहिले सांगनं पडस, सर," भाभी म्हणाल्या.

सर खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. सुधाताईंना छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना घाईघाईनं सुरतेला हलवलं होतं. जाताना त्या म्हणाल्या होत्या, हरभरे भिजत घातलेत, संध्याकाळी येऊन उसळ करते. तिथेच त्या गेल्या. उन्हाळा होता, नातेवाईक म्हणाले घरी कशाला न्यायचं, म्हणून तिथूनच थेट स्मशानात नेलं. सर घरी परतले तेव्हा हरभऱ्यांना मोड आले होते.

"मी तिला काही सांगितलंच नाही हो," सर म्हणाले. "तिला इस्पितळ माहीत, आणि तिचं घर माहीत. ती घरी परत येत असेल तर तो एकच पत्ता आहे तिच्याकडे. तोच मी पाडायला देऊ?"

मी विज्ञानाची पदवीधर. पण मला फार वाईट वाटलं आणि मी त्यांचा हातही धरला नाही, कारण मागच्या सीटवर आमच्या दोघांमध्ये भाभी बसल्या होत्या. भाभींनी धरला.

*

मार्च गेला. बिल्डरच्या माणसांनी शेजारची दोन घरं पाडली. सरांच्या अंगणात विटांचा लाल धुरळा साठला. मी एका दुपारी डबा घेऊन गेले तर दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलेलं. आत फुलाफुलांच्या फरशीवर सर आडवे झाले होते.

"सर, कडी तरी लावत जा. एकटे राहता."

"कडी लावली तर ती कशी येईल?" ते म्हणाले. अगदी साधेपणानं, दूधवाला कसा येईल म्हणावं तसं.

मी घरी येऊन भाभींना फोन केला आणि चक्क भांडले. म्हटलं, तुमच्या त्या नियमानं माणूस वेडा व्हायची वेळ आलीय, आता तुम्हीच सोडवा. भाभी दुसऱ्या दिवशी नंदुरबारला आल्या. सरांसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. गोदामाला लागून दोन खोल्या आहेत, त्या सरांसाठी रंगवून ठेवल्या होत्या.

"सर, वहिनीले बी लई चाला," भाभी म्हणाल्या. "अठे उनी व्हयी, नहीतर वाटवर व्हयी. घरमा सांगा, आनि वाटनं एकेक वळन सांगा. बाई मानुस वाट इसरत नही." इथे आली असेल किंवा वाटेवर असेल, म्हणून दोन्हीकडे सांगा, असं त्यांचं म्हणणं.

सर म्हणाले, "ऐकेल ती? लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हाही गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून विचारलं होतं तिनं, नक्की कुठे नेताय ते सांगा, मगच येते."

"मग?" भाभी म्हणाल्या. "इचारस ना? मग ऐकस बी."

सर त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. आणि हसता हसता 'बरं' म्हणाले.

*

शेवटचा किस्सा त्याच हलवाहलवीचा. एप्रिलमधली दुपार, रस्ते ओस पडलेले. नंदुरबारच्या स्टँडवरून एक पिकअप ठरवली. ड्रायव्हर तिशीचा, अनोळखी, गळ्यात लाल रुमाल. त्याला आमच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. सुधाताईंचं लाकडी कपाट, मांडणी, पितळी डबे, शिलाई मशीन, सगळं हमालांनी चढवलं. मागे मधोमध बसण्याएवढी जागा उरली. हमाल गेले आणि ड्रायव्हर पानटपरीवर गेला.

सर एकेका खोलीत गेले. मी ओसरीवर उभी होते. वाटलं होतं की मला हसू येईल. आलं नाही. प्रत्येक खोलीत ते एकच वाक्य बोलत होते, "सुधा, कळसाडीला जायचंय, जगदीशभाईंच्या गोदामावर. मी तिथेच आहे आता." स्वयंपाकघरात मात्र बराच वेळ लागला. तिथे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग आम्ही निघालो. सर पुढे मधल्या जागेवर, मी खिडकीशी. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि सर बोलायला लागले.

"सुधा, गल्ली संपली. उजवीकडे वळतोय."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि मग समोर.

"सुधा, आता गाव सुटलं. हा शहाद्याचा रस्ता."

"सुधा, प्रकाशा आलं. देवळं दिसतात बघ. आता तापीचा पूल. भिऊ नको, पाणी शांत आहे."

पुलावर मी बाटली पुढे केली. घोटभर पाणी पिऊन ते पुन्हा सुरू झाले. शहाद्याचं बसस्टँड सांगितलं. लोणखेड्याला माझं कॉलेज दाखवलं, "शोभाताई इथेच असतात, कधीही ये." उसाचे ट्रॅक्टर, केळीच्या बागा, कळसाडीचा फाटा, काही म्हणजे काही सोडलं नाही. मला वाटत होतं, ड्रायव्हर आता काहीतरी वाकडं बोलणार. पण तो उलट खड्डा आला की गाडी अगदी हळू घ्यायचा.

गोदामासमोर गाडी थांबली. भाभी आरतीचं ताट घेऊन दारात, त्यांच्यामागे जगदीशभाई. सर उतरले. "सुधा, आलं आपलं घर," म्हणाले आणि तिथेच उन्हात उभे राहिले, पुढे काय करायचं ते न सुचल्यासारखे. आम्हीही कुणी हललो नाही.

ड्रायव्हर मागे गेला. दोर सोडला, मागचा फाळका खाली पाडला आणि आत बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग वळून आमच्याकडे बघत कुरकुरला.

"साहेब, सामानमा मानुस बठाडानं नही ऱ्हास. पहिले सांगतात ते पुढे बठाडतू ना त्यास्ले. आते जाऊ द्या." आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मावशीले हात देऊ का उतराले?"

जगदीशभाईंचं तोंड उघडं ते उघडंच. मी सरांकडे पाहिलं. ते मागे गेले नाहीत, वाकून आतही पाहिलं नाही त्यांनी. फक्त चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला.

"नको, उतरेल ती," सर म्हणाले. "तिला एवढंच सांग, चप्पल घाल आधी. जमीन तापलीये."